बाल्डर्स गेट एन्हान्स्ड एडिशन : साथीदार पार्टी सोडून का जातात आणि त्यांना कसं थांबवायचं

बाल्डर्स गेट हा सहा जणांच्या पार्टीने खेळायचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. त्यातल्या साथीदारांबद्दलची तक्रार साधारण एकाच साच्याची असते. खेळ छान चालू असतो. एखाद्या गुहेतून बाहेर पडल्यावर जाहीरा दोन वाक्यं बोलते आणि खालिदला घेऊन निघून जाते. किंवा एडविन आणि मिन्स्क भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडतात. किंवा लढाई संपल्यावर उजवीकडच्या सहा चेहऱ्यांमधला एक चेहराच गायब झालेला असतो. पहिला विचार येतो तो बगचा. गेम पुन्हा इन्स्टॉल केला जातो, फाइली तपासल्या जातात, आणि दोन तासांनी तेच पुन्हा घडतं.

मूळ खेळ बायोवेअरने डिसेंबर १९९८ मध्ये काढला. बीमडॉगची एन्हान्स्ड एडिशन नोव्हेंबर २०१२ मध्ये आली आणि तिचा २.६ हा मोठा पॅच २०२१ चा. या काळात मेनू, झूम, नकाशा असं बरंच सुधारलं, पण साथीदारांचे स्वभाव मुळातले होते तसेच राहिले. नव्या खेळांची सवय असलेल्याला वाटतं की एकदा सोबत आलेला माणूस शेवटपर्यंत राहणार. इथे तसं नाही. प्रत्येक जण आपलं काही काम घेऊन पार्टीत येतो, त्याला तुमच्या वागण्याबद्दल मत असतं आणि काहींची एकमेकांशी जुनी वैरं असतात. बहुतेक वेळा साथीदार जातो तो या तीनपैकी एका कारणाने, आणि जाण्याआधी त्याने इशारा दिलेला असतो. तो वाचायचा राहून जातो.

आधी कारण शोधा

साथीदार गेल्या गेल्या सेव्ह करू नका. स्क्रीनच्या खालची संवादाची पट्टी ओढून मोठी करा आणि वर सरकवत मागची वाक्यं वाचा. जाणाऱ्याचं शेवटचं वाक्य काय आहे यावर जवळजवळ सगळा निदानाचा भाग उरकतो. “तुम्ही वेळ घालवताय, मला आता थांबता येणार नाही” अशा अर्थाचं काही असेल तर ते काम राहून गेल्याचं लक्षण. “असल्या लोकांबरोबर मी राहणार नाही” असा सूर असेल तर रेप्युटेशन, म्हणजे लोकांमधलं तुमच्या पार्टीचं नाव. दुसऱ्या साथीदाराचं नाव घेऊन बोललं गेलं असेल तर वैर. आणि काहीच वाक्य नसेल, फक्त इजेचा आकडा आणि मृत्यूची नोंद असेल, तर तो गेलेला नाही, मेला आहे. त्याबद्दल खाली.

मग शक्य तितका अलीकडचा, पण तो सोबत असतानाचा सेव्ह उघडा. दोन गोष्टी बघा. मुख्य पात्राच्या रेकॉर्ड पानावर रेप्युटेशनचा आकडा असतो, तो कागदावर लिहून ठेवा. नंतर घड्याळावर माउस नेऊन खेळातला दिवस आणि तास बघा, आणि हा साथीदार पार्टीत आला तेव्हाचा एखादा जुना सेव्ह असेल तर त्यातला दिवसही बघा. दोन तारखांमधलं अंतर पाहिल्यावर अनेकांना धक्काच बसतो, कारण तेवढे दिवस आपण घालवले हे खेळताना लक्षातच आलेलं नसतं.

काम राहिलं म्हणून जाणारे

पहिल्या भागात सगळ्यात जास्त साथीदार जातात ते यामुळेच.

खालिद आणि जाहीरा फ्रेंडली आर्म इनमध्ये भेटतात आणि नॅशकेलच्या खाणीत काय चाललंय ते बघायला चला म्हणतात. झार आणि माँटारॉन कँडलकीपजवळच्या रस्त्यावर भेटतात, त्यांनाही नॅशकेललाच जायचं असतं. मिन्स्क नॅशकेल गावात भेटतो. त्याची सोबतीण डायनाहेअर पश्चिमेकडच्या नॉल किल्ल्यात कैदेत आहे आणि तिला सोडवायचं आहे. एडविनही नॅशकेलमध्येच भेटतो, त्याला त्याच डायनाहेअरचा जीव हवा असतो. बेरेगॉस्टच्या पश्चिमेला हाय हेजजवळ कायव्हन असतो, त्याला टॅझॉकच्या दरोडेखोरांचा माग काढायचाय. क्लोकवुडमध्ये कोरन भेटतो तो वायव्हर्नच्या शिकारीसाठी. हे सगळे होकार मिळाला की पार्टीत येतात, आणि त्या क्षणापासून त्यांच्या मनातलं घड्याळ सुरू होतं. काम रखडलं की आधी कुरकुर करतात, मग सोडून जातात. मिन्स्कच्या बाबतीत गोष्ट हातघाईवरही येऊ शकते.

आता हे घड्याळ इतक्या झटपट का संपतं? खेळातला एक तास म्हणजे आपली ५ मिनिटं, म्हणजे खेळातला पूर्ण दिवस आपल्या २ तासांत जातो. पॉज केलं की घड्याळ थांबतं. एवढ्या हिशेबाने वेळ भरपूर वाटतो. पण एकदा विश्रांती घेतली की ८ तास सरळ वजा होतात. एका नकाशावरून दुसऱ्यावर जाताना आणखी काही तास जातात. लांबच्या ठिकाणी एका दमात जायचं ठरवलं तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच संपतो.

खरं घोडं पेंड खातं ते एका सेटिंगपाशी. गेमप्लेच्या पर्यायांत “पूर्ण बरे होईपर्यंत विश्रांती” असा एक पर्याय आहे. तो चालू असला की विश्रांतीचं बटण एकदाच दाबलं तरी जखमा भरून येईपर्यंत खेळ तुम्हाला झोपवून ठेवतो. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला पार्टीत बरं करणारा क्लेरिक किंवा ड्रुइड नसेल तर यात एका बटणामागे कितीतरी दिवस उडतात. प्रत्येक छोट्या चकमकीनंतर असं केलं की नॅशकेलला पोहोचायच्या आत जाहीराचा धीर सुटतो. पर्याय बंद करा. जखमा भरायला औषधाच्या कुप्या आणि देवळातले उपचार वापरा. सुरुवातीला एक कुपी विकत घेणं महाग वाटतं, पण साथीदार गमावण्यापेक्षा ते परवडतं.

सोपा आणि हमखास चालणारा क्रम असा. फ्रेंडली आर्म इनमधून खालिद आणि जाहीराला घ्या, बेरेगॉस्टमध्ये जुजबी खरेदी करा, आणि थेट दक्षिणेला नॅशकेल गाठा. वाटेतले सगळे नकाशे कोपरान् कोपरा धुंडाळायचा मोह आवरा, ते नंतर तिथेच असणार आहेत. खाणीच्या तळाशी असलेल्या मुलाहेला संपवलं की या जोडीचं समाधान होतं. मिन्स्कला मात्र खाणीआधी घेऊ नका. तो गावात उभाच असतो, पार्टीत आल्याशिवाय त्याचं घड्याळ सुरू होत नाही. खाण उरकून परत नॅशकेलला या, मग मिन्स्कशी बोला आणि लगेच नॉल किल्ल्याकडे निघा. एकाच वेळी दोन घाईच्या माणसांना शब्द दिला की एकाचा तरी मोडतोच.

वेळ संपत आलेली असताना हा लेख वाचत असाल तर सेव्ह उघडून झोप न घेता सरळ त्या ठिकाणाकडे निघा. नकाशावर ठिकाणावर माउस नेला की प्रवासाला किती तास लागणार ते दिसतं. पार्टी थकल्याची कुरकुर करेल आणि थकव्यामुळे लढाईतले फासे थोडे वाईट पडतील, पण थकवा विश्रांतीने जातो, निघून गेलेला साथीदार परत येत नाही. पोहोचल्यावर नकाशाच्या तोंडाशीच सेव्ह करा.

रेप्युटेशन : आकडा फार वरही नको

रेप्युटेशन १ ते २० मध्ये असतं. सत्प्रवृत्त साथीदारांना ते घसरलेलं चालत नाही आणि तळाला गेलं की ते निघून जातात. हे सगळ्यांच्या लक्षात येतं. दुसरी बाजू मात्र नव्या खेळाडूला सुचत नाही : दुष्ट प्रवृत्तीच्या साथीदारांना तुमचा चांगुलपणा सहन होत नाही. एडविन, व्हिकोनिया, माँटारॉन, झार, कागेन, शार-टील ही मंडळी आकडा वाढत गेला की कुरकुरू लागतात आणि १९ झाला की पार्टी सोडतात. कसलं काम राहिलेलं नसतं, कोणाशी भांडण नसतं, उलट तुम्ही गावोगाव लोकांची मदत करत असता, आणि नेमका तेव्हाच तुमचा एकुलता एक चांगला जादूगार निघून जातो.

मिश्र पार्टी चालवायची असेल तर आकडा १० ते १७ च्या आत ठेवा. या पट्ट्यात कोणी निघून जात नाही, आणि आकडा त्यात वरच्या बाजूला असला तर दुकानात सवलतही मिळते. १८ पर्यंत चालतं, पण तिथे एका क्वेस्टचं बक्षीस म्हणून एक गुण वाढला तरी संपलं. म्हणून १७-१८ वर असताना कोणाचं हरवलेलं माणूस परत करणं, शाप उतरवणं अशी कामं पूर्ण करण्याआधी सेव्ह करा आणि आकडा बघत राहा. देवळात दान दिल्याने रेप्युटेशन वाढतं. जेवढा तुमचा आकडा वरचा, तेवढी पुढच्या गुणासाठी एका दमात द्यायची रक्कम मोठी. त्यापेक्षा कमी दिलं तर पैसे जातात आणि आकडा हलत नाही. दुष्ट साथीदार असताना दानपेटीकडे फिरकू नका, एवढंच. आकडा खाली आणायचा म्हणून वाटेतल्या गरीब माणसाला मारणं हा मात्र अत्यंत वाईट उपाय आहे. एका खुनाने आकडा एकदम खूप खाली येतो, पहारेकरी मागे लागतात, आणि मग सत्प्रवृत्त साथीदार जातात. संवादात बक्षीस मागून घ्यायचा पर्याय असेल तिथे तो निवडणं पुरेसं असतं.

चांगल्या पार्टीचा आकडा अचानक कोसळला असेल तर बहुतेक वेळा कारण फायरबॉल, म्हणजे मोठ्या जागेवर आग पसरवणारा मंत्र. निळं वर्तुळ म्हणजे तटस्थ माणूस. गावात किंवा खाणीतल्या मजुरांच्या गर्दीत टाकलेल्या मोठ्या मंत्रात ते सापडले तर ते शत्रू होतात, आणि त्यांचा मृत्यू तुमच्या नावावर जमा होतो. वस्तीत लढताना एकालाच लागणारे मंत्र वापरा. रेप्युटेशन कोसळून सत्प्रवृत्त साथीदार कुरकुरत असतील तेव्हा दान हाच लवकरचा इलाज, कारण खालच्या आकड्यावर ते स्वस्त पडतं.

रेप्युटेशनमुळे रागावून गेलेला साथीदार आकडा सुधारल्यावर परत येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरचं सगळं सामानही गेलेलं असतं. म्हणून कुरकुर ऐकू येऊ लागली की आधी त्याच्या पिशवीतली महत्त्वाची वस्तू दुसऱ्याकडे हलवा.

वैर आणि जोड्या

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एडविन एका बाजूला आणि मिन्स्क-डायनाहेअर दुसऱ्या बाजूला हे समीकरण सुटत नाही. त्यांना एकत्र ठेवलं तर आधी टोमणे, मग शिव्या, मग खरोखरची लढाई, आणि ती बहुतेक वेळा कोणीतरी मरेपर्यंत चालते. झार-माँटारॉन आणि खालिद-जाहीरा यांच्यातही तेच. तुम्ही चौघांनाही सुरुवातीलाच घेऊ शकता, पण ही चौकडी फार काळ टिकत नाही. यावर खेळाच्या आतला उपाय नाही. एक बाजू निवडा. एडविन हवा असेल तर मिन्स्कशी बोलूच नका. मिन्स्क हवा असेल तर एडविनला नकार द्या.

शाब्दिक चकमक आणि खरी लढाई यातला फरक ओळखता येतो. साध्या टोमण्यांत पायाखालची वर्तुळं हिरवीच राहतात. लढाई सुरू झाली की एकाचं वर्तुळ लाल होतं आणि त्याचा चेहरा पार्टीतून जातो. तिथे पोहोचल्यावर थांबवता येत नाही, मागचा सेव्ह उघडावा लागतो. आणि तिथून खेळायला लागल्यावर पहिलं काम म्हणजे दोघांपैकी एकाला शांतपणे पार्टीतून काढणं.

काढायचं म्हटलं की जोड्यांचा प्रश्न येतो. खालिद-जाहीरा, मिन्स्क-डायनाहेअर, झार-माँटारॉन, एल्डॉथ-स्काय या चार जोड्या पहिल्या भागात एकत्रच जातात. पार्टीत सहाच जागा, म्हणून सातवा माणूस भेटला की निवड करायचं पान उघडतं. तिथे खालिदला काढलं की जाहीराही बाहेर. हा बग नाही, ते नवराबायको आहेत. जोडीतला एकच हवा असेल तर जुन्या खेळाडूंनी वापरलेला मार्ग असा की नको असलेला लढाईत पडला की त्याला जिवंत न करता मृतावस्थेतच पार्टीतून काढायचं, मग दुसरा राहतो. त्याचं सामान त्याच जागी जमिनीवर पडलेलं असतं, तेवढं उचलून घ्या. ज्यांना हे मनाला पटत नाही त्यांच्यासाठी मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली बदलाची फाइल, आहे, त्याबद्दल शेवटी.

जिवंत साथीदाराला काढताना दोन नियम पाळा. आधी इन्व्हेंटरी रिकामी करा, कारण तो अंगावरचं सगळं घेऊन बाहेर जातो. आणि ज्या ठिकाणी तुमचं पुन्हा येणं-जाणं होणार तिथेच काढा, कारण पुन्हा हवा झाला तर तो तिथेच शोधावा लागतो. फ्रेंडली आर्म इनचं अंगण यासाठी उत्तम. कुठल्या तरी खाणीच्या तिसऱ्या मजल्यावर काढलेला साथीदार नंतर आठवतही नाही.

गेला नाही, पण हातातही नाही

काही वेळा साथीदार पार्टीतच असतो, फक्त आज्ञा पाळत नाही. वर्तुळाचा रंग बघा. पिवळं झालं असेल तर तो घाबरलाय. प्रत्येकाला मनोधैर्याचा एक आकडा असतो आणि तो फार खाली गेला की माणूस पळत सुटतो. खालिद यासाठी प्रसिद्ध आहे. शत्रूचा हॉरर मंत्रही हेच करतो. फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर उभा असलेला टॅरनेश हा जादूगार पहिल्यांदा स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग हॉरर टाकतो, आणि पहिल्या लेव्हलची अख्खी पार्टी सैरावैरा धावते. त्याच्यासाठी तयारी अशी : पायऱ्या चढायच्या आधी सगळ्यांना पसरून उभं करा, धनुष्य आणि गोफणवाले पुढे, आणि तो बोलायला आला की संवाद संपता क्षणी पॉज करून सगळ्यांचे नेम त्याच्यावर लावा. इजा झाली की मंत्र तुटतो. तुमची पहिली साथीदार इमोएन, तिच्याकडे सुरुवातीपासूनच मॅजिक मिसाइलची एक छडी असते, ती याच लढाईत वापरावी. पुढे क्लेरिक आला की पहिल्या पातळीचा रिमूव्ह फिअर मंत्र कायम एक तरी लक्षात ठेवलेला असू द्या. तो लढाईआधी टाकला तर भीतीपासून बचाव करतो आणि नंतर टाकला तर पळणाऱ्याला थांबवतो.

वर्तुळ लाल झालंय आणि साथीदार आपल्याच माणसांवर वार करतोय, पण आधी काही भांडण झालेलं नाही, अशा वेळी तो मोहिनीखाली आहे. दीपगृहाच्या किनाऱ्यावरच्या सायरीन, म्हणजे समुद्रपऱ्या, हे हमखास करतात. त्याला मारू नका. लांब पळा आणि मोहिनीची मुदत संपू द्या, किंवा डिस्पेल मॅजिक टाका. एल्फ जातीच्या पात्रांना मोहिनी आणि झोपेच्या मंत्रांपासून जन्मजात ९० टक्के संरक्षण असतं, म्हणून त्या किनाऱ्यावर कायव्हन किंवा कोरनला पुढे ठेवा. मिन्स्कची बेभान होण्याची खास क्षमता तुम्ही स्वतः वापरली असेल तर तोही ताब्यात राहत नाही. ती वापरायची तर बाकीच्यांना त्याच्यापासून दूर उभं करून.

“पार्टी एकत्र करा” असं ऐकू येतं आणि पुढच्या नकाशावर जाता येत नाही, तेव्हाही कोणीतरी मागे अडकलेलं असतं. अरुंद बोगद्यात सहा जण एकमेकांची वाट अडवतात. त्याच्या चेहऱ्यावर दोनदा क्लिक केलं की कॅमेरा त्याच्यावर जातो. तिथून त्याला एकट्याला चालवत आणा.

मेला, आणि कायमचा मेला

मेलेल्या साथीदाराचा चेहरा काळवंडलेला दिसतो आणि सामान जमिनीवर पडतं. देवळात पैसे देऊन त्याला जिवंत करता येतं. सुरुवातीच्या भागात फ्रेंडली आर्म इनच्या आवारातलं देऊळ, बेरेगॉस्टच्या पूर्वेचं लॅथँडरचं देऊळ आणि नॅशकेलचं देऊळ ही तीन जवळची ठिकाणं. जिवंत झाल्यावर अंगात जीव अगदी नावाला असतो, म्हणून तिथेच उपचारही घ्या.

पण चेहरा पूर्णच नाहीसा झाला असेल आणि मृत्यूच्या वेळी शरीराचे तुकडे उडाले असतील, तर देऊळही काही करू शकत नाही. एकाच घावात उरलेल्या जिवापेक्षा कितीतरी जास्त इजा झाली की हे होतं. कोअर रूल्स किंवा त्याहून वरच्या कठिणपणावर हा धोका असतो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव चार ते सहा, आणि त्याच्यावर एखाद्या ऑगरचा सोटा बसला की एवढंच पुरतं. नॅशकेलच्या खाणीत आगीचे बाण मारणारे कोबोल्ड कमांडोही असेच जीव घेतात. साथीदार गमावायचा नसेल तर पर्यायांतून कठिणपणा नॉर्मलवर आणा. यात काही कमीपणा नाही, पहिल्या दोन लेव्हलना हा खेळ खरोखर निष्ठुर आहे. त्याबरोबर ऑटो-पॉजच्या यादीत “पात्र जखमी झालं” आणि “शत्रू दिसला” हे दोन चालू करा. जखमी झाल्यावर पॉज झालं की त्या माणसाला मागे घ्यायला वेळ मिळतो, आणि हेच बहुतेक कायमचे मृत्यू टाळतं.

दुसऱ्या भागातले काही ठरलेले निरोप

बाल्डर्स गेट दोनची एन्हान्स्ड एडिशन नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तिच्यात सुरुवातीच्या कारागृहातून बाहेर पडल्यावर इमोएनला नेलं जातं. ते कथेतच आहे, कसलाही संवाद निवडला तरी टळत नाही. ती नंतर परत मिळते. पण बाहेर पडण्याआधी तिच्याकडचं चांगलं सामान काढून घ्या. नालियाच्या डी’आर्नीज गढीचं काम रखडवलं की तीही जाते, आणि कोर्गनलाही त्याच्या पुस्तकाची घाई असते. केल्डॉर्न आणि व्हिकोनिया एकत्र चालत नाहीत, तो तिच्यावर हत्यार उचलतो. व्हिकोनियाला पार्टीत घेतलं की रेप्युटेशन २ ने उतरतं, हे मिश्र पार्टीला उलट सोयीचं पडतं. पहिल्या भागातला १९ चा नियम इथेही लागू आहे.

मॉडचा मार्ग

स्वभाव, वैर आणि जोड्या यांचा कंटाळाच आला असेल आणि संगणकावर खेळत असाल, तर ट्वीक्स अँथॉलॉजी नावाचं जुनं आणि भरवशाचं मॉड आहे. त्यातला एक भाग जोड्या वेगळ्या करू देतो, दुसरा रेप्युटेशनवरच्या प्रतिक्रिया सौम्य करतो. सगळं मॉड घालायची गरज नाही, प्रत्येक भागासाठी विचारलं जातं.

घालण्याची पद्धत : आधी गेमचं पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मॉड उघडून त्यातलं फोल्डर आणि सेटअपची फाइल, दोन्ही, गेमच्या ज्या फोल्डरात “चिटिन डॉट की” ही फाइल आहे त्यात टाका. ती फाइल नसेल तर तुम्ही चुकीच्या फोल्डरात आहात, आणि मॉडचा सेटअप गेम सापडत नाही असं सांगून बंद होतो. सेटअप चालवा, भाषा निवडा, हवे ते भाग निवडा. एक अडथळा मात्र अनेकांना नडतो : सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर ही २०१६ ची पुरवणी घेतलेली असेल तर तिच्या फाइली काही आवृत्त्यांत एका झिप फाइलमध्ये बंद असतात आणि मॉडचा सेटअप त्या वाचू शकत नाही. अशा वेळी बाकी कुठलंही मॉड घालायच्या आधी मॉडमर्ज किंवा डीएलसी मर्जर यांपैकी एक साधन चालवावं लागतं. क्रम उलटा झाला तर सगळं काढून स्वच्छ गेमपासून सुरुवात करावी लागते.

मॉड घातल्यावर नवीन खेळ सुरू करा. चालू सेव्हमध्ये साथीदारांची अवस्था आधीच नोंदलेली असते, म्हणून अर्धवट परिणाम दिसतो. खेळ मध्यावर असताना मॉड काढून टाकणं याहून वाईट. गेममधली प्रत्येक वस्तू आणि संवाद एका मोठ्या मजकूर फाइलमधल्या क्रमांकावरून वाचला जातो. मॉड गेलं की क्रमांक चुकतात, आणि तलवारीच्या नावाच्या जागी कोणाचं तरी भलतंच वाक्य दिसू लागतं. तसं झालं असेल तर बिघाड साथीदाराच्या स्वभावात नाही, सेव्हमध्ये आहे. फोन आणि टॅबलेटवर मॉड घालणं किचकट असल्याने तिथे वरच्या सवयींवरच भिस्त ठेवावी.

सेव्ह कसे ठेवायचे

क्यू दाबून होणारा क्विक सेव्ह आणि नकाशा बदलताना होणारा ऑटोसेव्ह एवढ्यावर राहू नका. दोन्ही मागचे पुसले जातात, आणि साथीदार गेल्याचं लक्षात येईपर्यंत तुम्ही दोन-तीन नकाशे ओलांडलेले असतात. नवीन साथीदार घेताना त्याच्या नावाने वेगळा सेव्ह करा : “मिन्स्क घेण्याआधी”, “एडविनला नकार”, असं. प्रत्येक मोठ्या कामाआधी आणखी एक. विंडोजवर हे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या बाल्डर्स गेट एन्हान्स्ड एडिशन नावाच्या फोल्डरात, त्यातल्या सेव्ह नावाच्या उपफोल्डरात असतात. मल्टिप्लेअरचे वेगळ्या उपफोल्डरात जातात. मल्टिप्लेअरमध्ये सुरू केलेला खेळ एकट्याच्या यादीत दिसत नाही याचं कारण तेच. गेम काढून पुन्हा टाकायची वेळ आली तर त्याआधी हे फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

साथीदार कुठल्या कारणाने गेला ते कळलं नाही तर शेवटच्या तीन वाक्यांचा मजकूर, रेप्युटेशनचा आकडा, खेळातला दिवस, कठिणपणाची पातळी आणि घातलेली मॉडं एवढं लिहून विचारा. एवढ्या माहितीवर कारण सहसा लगेच सापडतं.